प्रस्तावना : वर्णन फाइल, जनरेटर आणि आपण

सोप वेब सर्व्हिसचा जमाना संपला, अशा समजुतीने आजची मुलं-मुली नोकरीला लागतात. कॉलेजात रेस्ट आणि जेसन शिकलेलं असतं, तेवढ्यावर निभावेल असं वाटतं. मग हिंजवडीत किंवा ऐरोलीत एखाद्या प्रोजेक्टवर रुजू झाल्यावर टीम लीड एक फाइल पाठवतो आणि सांगतो, ‘क्लायंटची डब्ल्यूएसडीएल आली आहे, स्टब जनरेट करून ठेव, उद्या कनेक्ट करू.’ फाइल टूलला दिली जाते आणि स्क्रीनभर लाल अक्षरं उमटतात. त्यांतल्या एकाही वाक्याचा आपण लिहिलेल्या कोडशी संबंध नसतो, कारण आपण अजून एक ओळही लिहिलेली नसते. ही पुस्तिका त्या वेळी हाताशी असावी, म्हणून लिहिली आहे.

बँकांच्या कोअर सिस्टिम, विमा कंपन्यांच्या पॉलिसी, विमान-तिकिटांची आरक्षणं, सॅप, वर्कडे, सेल्सफोर्स या सगळ्यांत सोपवर चालणारी कामं आजही आहेत. चौकातल्या खांबावरचे अनेक आयपी कॅमेरेही याच भाषेत बोलतात. हे इंटरफेस चालू आहेत, पैसे त्यांच्यावरून रोज फिरतात, म्हणून ते कुणी बदलत नाही. त्यांना जोडून घेण्याचं काम मात्र दरवर्षी नव्या माणसाच्या वाट्याला येतं, आणि पुणे-मुंबईच्या ऑफिसांत ते फार मोठ्या प्रमाणावर येतं. मराठीत या विषयावर सलग वाचायला मिळावं असं मला फार वर्षं वाटत होतं.

आधी फाइलबद्दल. डब्ल्यूएसडीएल ही सर्व्हिसचं वर्णन करणारी एक्सएमएल फाइल असते. कोणत्या नावाचे डेटा-प्रकार आहेत, कोणता मेसेज कशाचा बनतो, कोणतं ऑपरेशन कोणता मेसेज घेतं आणि कोणता परत देतं, हे सगळं सोपमध्ये कसं बांधायचं आणि शेवटी कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, एवढं त्यात असतं. टाइप्स, मेसेज, पोर्टटाइप, बाइंडिंग, सर्व्हिस हे तिचे पाच भाग. जावामधलं डब्ल्यूएसइम्पोर्ट, अपाची सीएक्सएफचं डब्ल्यूएसडीएल-टू-जावा, डॉटनेटचं एसव्हीसीयूटिल किंवा सी-प्लसप्लससाठीचं जीसोप ही फाइल वाचतात आणि तिच्यावरून क्लास तयार करतात. पायथनचं झीप आणि पीएचपीचा सोपक्लायंट प्रोग्रॅम चालू असतानाच ती वाचतात. वाचन कधी होतं एवढाच फरक. फाइल सदोष असेल तर तिथेही तीच रडकथा.

जनरेटर हा एक वाचक आहे, हे या पुस्तिकेचं मुख्य सांगणं. त्याची एरर म्हणजे वाचताना त्याला जिथे अडलं तिथली त्याची तक्रार. सर्व्हिस बनवणाऱ्याचं टूल ते वर्णन एका अर्थाने लिहितं, आपलं टूल दुसऱ्या अर्थाने वाचतं, आणि दोघांच्या मध्ये आपण असतो. एरर कॉपी करून नेटवर शोधायची, कुणीतरी सुचवलेला पर्याय कमांडला जोडायचा आणि लाल अक्षरं गेली की पुढे जायचं, ही सवय मी अनेक हुशार माणसांत पाहिली आहे. ती घातक आहे. तक्रार बंद होते, गैरसमज तसाच राहतो आणि तो प्रॉडक्शनमध्ये रकमेच्या किंवा तारखेच्या चुकीच्या रूपाने वर येतो. म्हणून आधी फाइल उघडून वाचायची. एक्सएमएल वाचायला कंटाळवाणं आहे, हे मान्य. पण तासाभराच्या वाचनाने आठवड्याची धावपळ वाचते, हा माझा या धंद्यातला पक्का अनुभव आहे.

हे गैरसमज इतके का होतात, हे कळायला थोडा इतिहास हवा. सोप १.१ हा वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे मे २००० मध्ये ‘नोट’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एरिबा, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी डब्ल्यूएसडीएलची पहिली आवृत्ती काढली आणि १५ मार्च २००१ रोजी १.१ ही आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीच्या साइटवर आली. डेटाचे प्रकार ज्या एक्सएमएल स्कीमाने सांगायचे, तिला शिफारशीचा दर्जा मिळाला २ मे २००१ रोजी. म्हणजे घराचा नकाशा आधी आणि विटांचं माप नंतर ठरलं. स्कीमा पक्की नव्हती त्या काळात सोपने स्वतःची एन्कोडिंगची पद्धत आणली होती. ती डब्ल्यूएसडीएलमध्ये आरपीसी-एन्कोडेड या नावाने शिरली आणि पुढची अनेक वर्षं तिने लोकांना छळलं. डब्ल्यूएसडीएल १.१ स्वतः कधीच शिफारस झाली नाही, ती नोटच राहिली. शिफारशीचा मान २००७ मध्ये २.० ला मिळाला, पण तोवर सगळी टूल्स १.१ वर स्थिरावली होती. त्यामुळे तुमच्या हातात येणारी फाइल जवळजवळ नेहमी १.१ चीच असेल.

वेगवेगळ्या कंपन्यांची टूल्स एकमेकांशी बोलेनात, तेव्हा २००२ मध्ये डब्ल्यूएस-आय ही संस्था उभी राहिली आणि २००४ मध्ये तिचं बेसिक प्रोफाइल आलं. त्यात एन्कोडेड पद्धत वर्ज्य ठरवली, एका पोर्टटाइपमध्ये एकाच नावाची दोन ऑपरेशन्स नकोत असं सांगितलं, इम्पोर्टचे नियम आखले. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी कागदपत्र हेच आहे. आजही कुठल्याही फाइलबद्दल भांडण झालं, तर निवाडा करायला ते पुरतं. डब्ल्यूएसइम्पोर्टला एन्कोडेड फाइल दिली, की ती आपल्याला चालत नाही असं ते एका ओळीत सांगतं. सीएक्सएफही तेच करतं. इथे कोणताही पर्याय जोडून काही होत नाही. सर्व्हिसवाल्यांकडे डॉक्युमेंट-लिटरल, म्हणजे मजकूर थेट स्कीमाप्रमाणे पाठवणारी आवृत्ती मागायची. ती मिळत नसेल, तर एन्कोडेड समजणारं टूल घ्यायचं, म्हणजे जावात जुनं अपाची ॲक्सिस १.४ किंवा डॉटनेटमध्ये एक्सएमएल-सिरियलायझर वापरून एसव्हीसीयूटिल. दोन्ही नसेल जमत, तर सोपचं पाकीट हाताने बांधायचं. तेही लाजिरवाणं नाही. दोन-तीन ऑपरेशन्ससाठी ते कधी कधी सगळ्यांत स्वस्त पडतं.

चुकांचा यानंतरचा मोठा वर्ग म्हणजे फाइल पूर्ण हाती न येणं. यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रकार असा : टूलला दिलेल्या पत्त्यावर लॉगिन लागतं, त्यामुळे डब्ल्यूएसडीएलऐवजी लॉगिनचं एचटीएमएल पान येतं आणि टूल म्हणतं, हे नीट एक्सएमएल नाही. फाइलच्या सुरुवातीला अदृश्य खुणेचे बाइट असतील किंवा कुणी मेलमधून कॉपी करताना पहिल्या ओळीआधी रिकामी ओळ सोडली असेल, तरी याच धाटणीच्या एरर येतात. म्हणून पहिलं पाऊल ठरलेलं : टूलला पत्ता देण्याआधी तोच पत्ता कमांड लाइनवरून उतरवून घ्यायचा आणि पहिल्या काही ओळी डोळ्यांनी पाहायच्या. सर्टिफिकेट अंतर्गत असेल तर ते आधी जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये घालायचं. पीएचपीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सोपक्लायंट वर्णन कॅशमध्ये ठेवतो आणि ती कॅश मुळात ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस टिकते. सर्व्हरवर नवं ऑपरेशन येऊनही तुमच्याकडे ते ‘नाही’ असं का म्हणतात, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

खरी गुंतागुंत इम्पोर्टमध्ये आहे. सातबारा हातात आला म्हणून जमिनीचा इतिहास कळला असं होत नाही. त्यावर फेरफारांचे नुसते क्रमांक असतात, आणि ते फेरफार काढून वाचल्याशिवाय हक्क कुणाकडून कुणाकडे कसा आला ते समजत नाही. मोठ्या सर्व्हिसची डब्ल्यूएसडीएल तशीच असते. ती दुसऱ्या डब्ल्यूएसडीएलकडे बोट दाखवते, ती स्कीमाकडे, ती स्कीमा आणखी चार स्कीमांकडे. त्यांतली एक जरी हाती लागली नाही, तरी टूल ‘अमुक प्रकार सापडला नाही’ म्हणून थांबतं, आणि एररमध्ये नाव मात्र त्या हरवलेल्या फाइलचं नसतं, तिच्यातल्या प्रकाराचं असतं.

ऑनव्हिफचं उदाहरण मी जवळून दाखवतो, कारण त्यात या विषयातल्या बहुतेक गाठी एकत्र सापडतात आणि त्या फाइली कुणालाही उतरवून पाहता येतात. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ सुरू केलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी जोडता यावेत हा हेतू. कॅमेऱ्याचं नाव, घड्याळ, नेटवर्क वगैरे सांभाळणाऱ्या डिव्हाइस मॅनेजमेंट सर्व्हिसची डब्ल्यूएसडीएल उघडली, की वरच एक स्कीमा इम्पोर्ट दिसतो. त्याचा पत्ता फाइलच्या जागेपासून तीन पायऱ्या वर चढून मग पुन्हा खाली स्कीमाच्या फोल्डरमध्ये उतरणारा, सापेक्ष असा दिलेला आहे. ऑनव्हिफच्या सर्व्हरवर तो बरोबर लागतो. पण नवखा माणूस तेवढी एकच फाइल डाउनलोडच्या फोल्डरात उतरवतो, आणि तिथून तीन पायऱ्या वर काय असतं? काहीच नाही. टूल शेकडो प्रकार सापडत नाहीत म्हणून ओरडतं. फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवून सगळ्या फाइली उतरवल्या की हा आरडाओरडा थांबतो.

थांबतो म्हणजे पुढच्या दारापर्यंत जातो. ऑनव्हिफची मुख्य स्कीमा पुढे डब्ल्यूथ्रीसीच्या आणि ओॲसिस या दुसऱ्या प्रमाण-संस्थेच्या स्कीमा मागवते : सोपचं पाकीट, मजकुराचा मीडिया-प्रकार सांगणारी, सूचना पाठवण्याच्या पद्धतीची. या स्कीमा बाहेरच्या सर्व्हरांवर असतात. ऑफिसच्या फायरवॉलमागून त्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी प्रत्येक बिल्डला त्या पुन्हा मागवणं बरं नव्हे. डब्ल्यूथ्रीसीने २००८ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की जगभरच्या सॉफ्टवेअरकडून त्यांच्या सर्व्हरवर डीटीडीसारख्या फाइलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात, त्याच त्याच न बदलणाऱ्या फाइलींसाठी. नंतर त्यांनी अशी उत्तरं मुद्दाम उशिरा द्यायला सुरुवात केली. आपला बिल्ड कधी कधी मिनिटभर थबकतो, त्यामागे हेही कारण असू शकतं. उपाय कॅटलॉग फाइलचा : अमुक नेमस्पेस किंवा अमुक पत्ता मागितला, तर डिस्कवरची ही प्रत दे, असं त्यात लिहायचं. स्कीमाचं ठिकाण सांगणारा गुणधर्म प्रमाणानुसार नुसती सूचना आहे, आज्ञा नाही. त्यामुळे कॅटलॉग वापरणं ही पळवाट नसून सरळ रस्ता आहे.

ऑनव्हिफच्या फाइलींत शेवटचा सर्व्हिस हा भागच नसतो. पत्ता लिहिणार कुठला, प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी वेगळा! मग डब्ल्यूएसइम्पोर्ट ‘सर्व्हिस सापडत नाही’ म्हणून थांबतं, आणि नवखा माणूस आपल्या फाइलमधली चूक शोधत बसतो. झीपमध्ये बाइंडिंगचं नाव आणि पत्ता हाताने देऊन सर्व्हिस तयार करता येते. जावात लोक आपल्या प्रतीत एक लहानसा सर्व्हिस भाग लिहून घालतात. एवढं सगळं जमल्यावर पहिलाच कॉल ‘अधिकार नाही’ म्हणून परत येतो. पासवर्ड बरोबर असतो. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र मागे किंवा पुढे गेलेलं असतं, आणि पासवर्डच्या डायजेस्टमध्ये वेळ गुंफलेली असते. म्हणून ऑनव्हिफने वेळ विचारणारं ऑपरेशन लॉगिनशिवाय ठेवलं आहे. आधी कॅमेऱ्याची वेळ विचारा, फरक धरा, मग बाकीचं बोला. वर्णन फाइलमध्ये हे कुठेही दिसत नाही. फाइल काय सांगते आणि काय सांगत नाही, दोन्ही ओळखायला शिकावं लागतं.

जावा ८ आल्यावर, म्हणजे २०१४ च्या मार्चमध्ये, एक वेगळाच अडथळा उभा राहिला. सुरक्षेसाठी एक्सएमएल वाचकाला बाहेरच्या स्कीमा उघडायला बंदी घातली गेली, आणि काल चालणारा बिल्ड आज ‘फाइल वाचायची परवानगी नाही’ म्हणू लागला. तो निर्बंध एका प्रॉपर्टीने सैल करता येतो. पण तो सगळ्यांसाठी कायमचा उघडा टाकू नये, फक्त जनरेट करण्याच्या टप्प्यापुरता उघडावा. पुढे २०१८ मध्ये जावा ११ ने सोपची आणि स्कीमावरून जावाचे क्लास बनवणाऱ्या जॅक्सबीची सारी लायब्ररीच जेडीकेबाहेर काढली, आणि जकार्ता ईई ९ पासून पॅकेजांची नावंही बदलली. यावर पुस्तिकेत एक छोटं प्रकरण आहे. ते काम कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. टूल कोणत्या पिढीचं आणि रनटाइम कोणत्या पिढीचा, हे जुळवून घ्यायचं.

नावांच्या भांडणावर मात्र थांबायला हवं. जावावाल्यांना सगळ्यांत जास्त सतावणारी एरर म्हणजे ऑब्जेक्ट फॅक्टरीमध्ये दोन घोषणा एकमेकींना धडकतात ही. समजा स्कीमात ‘ऑर्डर’ नावाचा प्रकार आहे आणि त्याच्या पोटात ‘आयटम’ हा निनावी प्रकाराचा घटक. त्याच स्कीमात वेगळा, स्वतंत्र ‘ऑर्डरआयटम’ नावाचाही प्रकार आहे. स्कीमाच्या दृष्टीने सगळं स्वच्छ आहे. जॅक्सबी मात्र पोटातल्या आयटमसाठी ‘क्रिएट-ऑर्डर-आयटम’ नावाची पद्धत बनवतं आणि बाहेरच्या ऑर्डरआयटमसाठीही तेच नाव बनवतं. दोन पद्धती, एक नाव. असंच ‘कस्टमर_आयडी’ आणि ‘कस्टमरआयडी’ यांचं होतं. अंडरस्कोर हा जॅक्सबीला नुसता शब्द तोडणारा वाटतो, त्यामुळे दोन्हींचं जावात एकच नाव होतं. वर्णन लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. एका भाषेत वेगळी असलेली नावं दुसऱ्या भाषेत एक होतात, हा टूलच्या नियमांचा परिणाम आहे.

याला टूलमध्ये आपोआप नावं सोडवणारा पर्याय आहे आणि घाईत तोच वापरला जातो. माझा त्याला विरोध आहे. तो नावाच्या शेवटी अंक चिकटवतो, आणि कोणता ‘आयटम-टू’ कशाचा हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. बाइंडिंग फाइल लिहावी. मूळ डब्ल्यूएसडीएलला हात न लावता, तिच्यातल्या अमुक ठिकाणच्या प्रकाराला जावात अमुक नाव दे, असं त्यात सांगता येतं. ती फाइल कोडबरोबर राहते आणि पुढच्या माणसाला कारण कळतं. कधी कधी भांडणाचं मूळ आपल्याच कमांडमध्ये असतं. सगळे नेमस्पेस एकाच पॅकेजमध्ये कोंबायचा पर्याय दिलेला असतो, त्यामुळे दोन वेगळ्या नेमस्पेसमधले एकाच नावाचे प्रकार एका घरात येतात. तो पर्याय काढला की भांडण मिटतं.

डॉटनेटची जुनी सर्व्हिस डेटासेट परत करत असेल, तर तिच्या वर्णनात स्कीमातच स्कीमाचा उल्लेख असतो, आणि जावाचं टूल म्हणतं ‘एस:स्कीमा’ हा घटक ठाऊक नाही. त्या सर्व्हिसने प्रत्यक्षात सांगितलेलं असतं की उत्तरात काय येईल ते मी आधी सांगणार नाही, उत्तराबरोबर सांगेन. डब्ल्यूथ्रीसीची स्कीमाची स्कीमा टूलला जोडीला देऊन कोड बनतो, पण हातात येतो तो एक बेनाम एक्सएमएल तुकडा. अशा सर्व्हिसकडे जनरेट केलेल्या कोडची अपेक्षा ठेवू नये.

डॉटनेटच्या बाजूलाही एक प्रसिद्ध दोष आहे, आणि तो अधिक फसवा आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकाच्या पोटात पुन्हा पुन्हा येणारा एकच घटक असेल, तर एसव्हीसीयूटिल त्या दोघांना चिकटवून ॲरेचा ॲरे बनवतं आणि आतल्या प्रकाराची नोंद चुकीची करतं. कोड बनतो. कंपाइलही होतो. पहिला क्लायंट ऑब्जेक्ट तयार होताना मात्र ‘तात्पुरता क्लास बनवता आला नाही’ अशी एरर येते, तीही अशा कोडबद्दल जो डिस्कवर कुठे नाहीच. बनलेल्या फाइलमध्ये कंस खोडून लोक मोकळे होतात. त्यापेक्षा आपल्या प्रतीतल्या स्कीमात, बाहेरच्या घटकाच्या प्रकाराला एक निरुपद्रवी ऐच्छिक गुणधर्म जोडावा. मग टूल त्याला स्वतंत्र क्लास देतं, आणि पुढच्या वेळी जनरेट केल्यावर दुरुस्ती वाहून जात नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या चुका निदान बोलतात. मला खरी काळजी न बोलणाऱ्या चुकांची वाटते, आणि पुस्तिकेची सर्वांत लांब दोन प्रकरणं त्यांच्यासाठी आहेत. डॉटनेटचा एक्सएमएल-सिरियलायझर घ्या. वर्णनात ‘रक्कम’ ही ऐच्छिक म्हणून दिली आहे. दशांश संख्येला डॉटनेटमध्ये रिकामं राहता येत नाही, म्हणून टूल दोन गोष्टी बनवतं : रक्कम, आणि तिच्या जोडीला ‘रक्कम दिली आहे का’ हे सांगणारा होय-नाहीचा झेंडा. झेंडा मुळात ‘नाही’ असतो. प्रोग्रॅमर रक्कम भरतो, झेंड्याकडे त्याचं लक्षच जात नाही, आणि मेसेज रकमेशिवाय जातो. कुठेही एरर नाही. सर्व्हर ऐच्छिक गोष्ट दिली नाही असं समजून त्याच्या मुळातल्या किमतीने काम करतो. असं बिल जेव्हा शून्याचं निघतं, तेव्हा शोध अकाउंट्सच्या विभागापासून सुरू होतो आणि जनरेट केलेल्या त्या एका झेंड्यापर्यंत पोचायला दिवस जातात.

जावात याच प्रश्नाचं दुसरं रूप आहे. डॉटनेटमधल्या डब्ल्यूसीएफवर बनलेल्या सर्व्हिस मजकुराचा जवळजवळ प्रत्येक घटक ‘नसला तरी चालेल आणि रिकामा असला तरी चालेल’ असा जाहीर करतात. न आलेलं आणि रिकामं आलेलं या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे जॅक्सबी साध्या मजकुराऐवजी एक वेष्टन देतं. कोड कुरूप होतो, म्हणून लोक बाइंडिंगमध्ये एक ओळ लिहून वेष्टन काढून टाकतात. चालेल, पण त्याआधी सर्व्हिसवाल्यांना विचारायला हवं : पत्ता न पाठवणं आणि पत्ता रिकामा पाठवणं यांत तुम्ही फरक करता का? बऱ्याच सर्व्हिसमध्ये पहिल्याचा अर्थ ‘आहे तसा ठेवा’ आणि दुसऱ्याचा ‘पुसून टाका’ असा असतो.

नेमस्पेसची चूकही अशीच गप्प असते. आतले घटक नेमस्पेससह लिहायचे की त्याशिवाय, हे स्कीमाच्या एका गुणधर्मावर ठरतं, आणि तो लिहिलाच नसेल तर ‘त्याशिवाय’ असं धरलं जातं. सर्व्हरची खरी वागणूक प्रसिद्ध केलेल्या वर्णनाहून वेगळी असेल, तर जावाचा वाचक पुष्कळदा अनोळखी घटक शांतपणे सोडून देतो आणि तुमच्या ऑब्जेक्टमधले सगळे रकाने रिकामे दिसतात. उत्तर आलेलं असतं, तारेवर दिसतं, पण क्लासात काही नाही. अशा वेळी प्रत्यक्ष मेसेज पकडून स्कीमाशी ताडून पाहणं हाच मार्ग. तपासणी चालू करण्याची सोय बऱ्याच टूल्समध्ये आहे, मुळात ती पुष्कळदा बंद असते एवढंच. चाचणीच्या वातावरणात ती नेहमी चालू ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

आणि तारीख. जन्मतारखेला वेळ नसते, तरी अनेक सर्व्हिस ती तारीख-आणि-वेळ या प्रकारात जाहीर करतात. आपल्याकडून मध्यरात्रीचे शून्य तास, अधिक साडेपाच तासांच्या फरकासह जातात. लंडनमधला सर्व्हर हिवाळ्यात ते आपल्या वेळेत उतरवतो, तेव्हा आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा होतात, मग तो वेळ टाकून देतो आणि ग्राहक एक दिवसाने मोठा होतो. विम्याच्या हप्त्यात किंवा निवृत्तीच्या तारखेत हा एक दिवस फार महाग पडू शकतो. भारतातून युरोप-अमेरिकेच्या सिस्टिमशी जोडणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आधी वाचावं. इथे जनरेटर निर्दोष आहे. प्रकार निवडणाऱ्याची चूक आहे, आणि ती वर्णन वाचतानाच दिसते.

जनरेट केलेल्या कोडला हाताने दुरुस्त करू नये, हे मी पुस्तिकेत वारंवार सांगितलं आहे. तो कोड पुन्हा बनणार आहे. सेल्सफोर्सच्या एंटरप्राइझ डब्ल्यूएसडीएलमध्ये तर ग्राहकाने एक नवा रकाना जोडला तरी फाइल बदलते. दुरुस्ती करायची ती वर्णनाच्या आपल्या प्रतीत, बाइंडिंगमध्ये किंवा कमांडमध्ये, आणि ती प्रत गिटमध्ये ठेवायची. मूळ फाइल आणि बदललेली फाइल शेजारी असल्या की नवी आवृत्ती आल्यावर काय बदललं ते दिसतं. जावाचा सर्व्हिस-क्लास वर्णनाचा पत्ता स्वतःच्या पोटात ठेवतो, त्यामुळे कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या सी ड्राइव्हचा रस्ता प्रॉडक्शनपर्यंत जातो आणि तिथे क्लायंट उभाच राहत नाही. तो पत्ता क्लासपाथवरचा द्यावा, आणि सर्व्हिसचा खरा पत्ता चालताना कॉन्फिगरेशनमधून भरावा. जनरेट करण्याआधी सोपयूआयसारख्या टूलमधून एक मेसेज हाताने पाठवून पाहणंही तितकंच मोलाचं. तो कॉल चालला, तर पुढचा शोध आपल्या कोडमध्ये घ्यायचा. नाही चालला, तर फोन सर्व्हिसवाल्यांना करायचा, आणि फोन करताना तो मेसेज जोडून पाठवायचा.

सर्व्हिस लिहिणाऱ्यांशीही मला बोलायचं आहे, कारण आपल्याकडे तेही पुष्कळ आहेत. वर्णन बाहेर देण्याआधी ते बेसिक प्रोफाइलवर तपासा. आपल्या टूलशिवाय दुसऱ्या भाषेच्या निदान एका टूलने त्याच्यावरून कोड बनवून पाहा. सगळे इम्पोर्ट एका झिपमध्ये, सापेक्ष पत्त्यांसह द्या. अंतर्गत सर्व्हरचं नाव शेवटच्या पत्त्यात राहिलेलं नाही ना, ते बघा. या चार गोष्टींना अर्धा दिवस लागतो, आणि समोरच्या डझनभर टीमचे कित्येक दिवस वाचतात. हे न करता फाइल पाठवणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

पुस्तिकेत कमांड, पर्याय आणि एरर जशा स्क्रीनवर दिसतात तशाच दिल्या आहेत, स्पष्टीकरण मराठीत आहे. प्रकरणं क्रमाने वाचण्याची गरज नाही. ज्याचा बिल्ड आत्ता अडला आहे त्याने एररच्या सूचीतून थेट ते पान उघडावं, आणि ज्याचा बिल्ड सुरळीत झाला आहे त्याने न बोलणाऱ्या चुकांची दोन प्रकरणं सोडू नयेत. वाचताना आपल्या प्रोजेक्टची खरी डब्ल्यूएसडीएल शेजारी उघडी ठेवा. तिच्यात ऐच्छिक रक्कम कुठे आहे, तारखेचा प्रकार कोणता आहे आणि कोणता इम्पोर्ट बाहेरच्या सर्व्हरकडे जातो, एवढं पहिल्या प्रकरणाआधी शोधून ठेवा.